गादीवरची पुस्तकं

जगूशेठ पुस्तक दाखवायचे ते साडी दाखवल्यासारखं. एक मागितलं की वीस काढायचे, गादीवर एकावर एक उघडून टाकायचे आणि म्हणायचे, "घेऊ नका, नुसतं बघा."

चाळीस वर्षं त्यांनी दहीपुलाजवळ साड्या विकल्या. त्यातली वीस वर्षं मी त्यांच्या पायरीशी फुलांची टोपली घेऊन बसले. मखमलाबादेत आमचा मळा आहे, फुलं घरचीच. माझी शाळा चौथीपर्यंत. पुस्तकांचं मला विचारू नका, जगूशेठचं विचारा.

बायको वारली, गुडघे गेले, गिऱ्हाईक मोठ्या दुकानांकडे वळलं. सिंहस्थाच्या आदल्या वर्षी त्यांनी साड्या संपवल्या आणि जाहीर केलं, "इथं सार्वजनिक वाचनालय करतो." या माणसाला मी कधी वर्तमानपत्रही वाचताना पाहिलं नव्हतं, ते साडीच्या घडीत घालायला लागायचं. मुलांनी वर्षाची मुदत दिली. तोवर लोक यायला लागले नाहीत, तर जागा मोबाइलवाल्याला.

कपाटं तीच राहिली, गादी तीच, तिच्यावर रोज धुतलेली पांढरी चादर. माणूस आला की पंखा, पाणी आणि चौकशी, "बसा ताई. माहेर कुठलं?" एका मास्तरीणबाईंना म्हणाले, "हे निळं घ्या, तुम्हाला खुलेल."

"शेठ, मला इतिहासाचं हवंय."

"दाखवतो की. त्यातही निळं आहे."

सकाळचा पहिला माणूस रिकाम्या हातानं जाऊ द्यायचा नाही, हा दुकानाचा नेम. पोस्टमन पत्र टाकायला आला, तर त्याच्या पिशवीत कादंबरी कोंबली. "बोहनी आहे, नाही म्हणू नका." तेव्हापासून पोस्टमन त्यांची पत्रं माझ्याकडे देऊन पळायचा.

लोक एकदा यायचे, परत फिरकायचे नाहीत. आठ महिने असे गेल्यावर शेठ पायरीवर येऊन बसले. "सखूबाई, माझं चुकतं कुठं?"

मी सांगून टाकलं, "तुम्ही फार बोलता. लोक वाचायला येतात, तुमची बडबड ऐकायला नाही. गादी काढा, खुर्च्या टाका, शांतता राखा म्हणून बोर्ड लावा."

"आलेल्या माणसाशी बोलायचंच नाही?"

"नाही."

आठवड्यात बोर्ड लागला, टेबल-खुर्च्या आल्या. मग सिन्नर-नांदगावकडून भरतीच्या परीक्षांसाठी आलेली मुलंमुली येऊ लागली. दिवाळीपर्यंत बसायला जागा मिळेना. मोबाइलवाल्याचं नाव निघेनासं झालं. अक्कल माझी होती, हे मी गल्लीभर सांगत सुटले.

आत कोणी मान वर करायचं नाही. शेठ कोपऱ्यातल्या स्टुलावर हात बांधून बसायचे. दुपारी मात्र खाली माझ्याजवळ यायचे. शेवंतीला कळ्या कशा आल्यात, सुनेचं बाळंतपण कुठं करणार, बोअरला पाणी किती. मी एका शब्दात उत्तर द्यायची.

एकदा म्हणाले, "मला कुठं पुस्तकं कळतात, सखूबाई. साडी घ्यायला बाया यायच्या, तास-तास बसायच्या, सगळ्या घरादाराचं सांगायच्या. आता घरी सून ताट ठेवते आणि टीव्हीपुढं जाते. वाईट नाही ती. पण म्हटलं, पुस्तकं मांडली तर माणसं येऊन बसतील."

मला कळलं. न कळण्यासारखं त्यात काय होतं? पण मान वर केली नाही. मी हार ओवता ओवता म्हणाले, "शेठ, जरा सरका. गिऱ्हाईक अडतंय."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि आत गेले. पुन्हा खाली आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात वारले.

वाचनालय चालू आहे, चांगलं चालू आहे. त्या दुपारी माझ्यापुढं एकही गिऱ्हाईक नव्हतं.