खात्याला चहाला बोलावलं त्याची गोष्ट

सुट्टीच्या दिवशी सूतगिरणीतल्या आमच्या खात्याला घरी चहाला बोलवायचं मी ठरवलं. मी तिथली सुपरवायझर. (शाळेची पायरी चढले नाही, मशिनं उघडून उघडून शिकले. कोणाला शंका असेल तर समोर यावं.) बोलावलं ते खरं फिटरसाठी. बायको गेल्यापासून तो कोणाशी बोलेनासा झाला होता. चार माणसांत बसेल, मन मोकळं करेल, असं मला वाटलं.

मंडळी कडक इस्त्री करून आली आणि मला पाहून उभीच राहिली. बसा म्हटलं, तर सगळी एकदम बसली. मग बोलेना कोणी. गिरणीत कानठळ्या बसतात, त्यामुळे आम्ही बोलतो ते खुणांनी, नाहीतर बेंबीच्या देठापासून ओरडून. हळू बोलायची सवयच नाही. पॅकिंगवालीने साखर मागितली, ती अशा आवाजात, की शेजारीण वाटी भरून घेऊन आली. त्यानंतर तिनेही तोंड मिटलं.

"आई, जरा हसा," सूनबाई कुजबुजली.

मी हसले. मशिनांना तेल घालणारा घाबरून म्हणाला, "बाई, माझं काही चुकलं का?"

फिटरने कप तसाच ठेवला आणि जायला उठला. आता गेला असता, तर परत कुठे आलाच नसता. मी तडक आत गेले. वॉशिंग मशीन रिकामंच लावलं, मिक्सर फिरवला, टीव्हीचा आवाज वाढवला. सूनबाईने कपाळावर हात मारला, पण खोलीत जीव आला. हात हलायला लागले, गळे मोकळे झाले. फिटर परत टेकला आणि पॅकिंगवालीच्या कानाशी ओरडून काहीतरी सांगू लागला.

तेवढ्यात फ्यूज उडाला.

"घरी आता रागवायला कोणी नाही," भर शांततेत फिटरचा आवाज घुमला, "म्हणून बाईंची बोलणी खायला मी मुद्दाम उशिरा येतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याला चांगलं फैलावर घ्यावं म्हणून मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. (डोळ्यात कचरा गेला होता. दोन्ही डोळ्यांत.)

पॅकिंगवालीने दोन बोटं जुळवून फाकवली. गिरणीतली खूण: धागा तुटला, मशीन बंद.

अख्खं खातं हसलं. फिटरने बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "आधी फ्यूज बघू, की बाईंना?"