अपघात विभागातला अननस

दर बुधवारी पाओ-चूच्या सासूबाई रक्तदाब तपासायला इस्पितळात येत. तपासून झालं की दर्शनी दालनातल्या एका भिंतीसमोर अर्धा तास बसून राहत. त्या भिंतीवर महिन्याच्या आदर्श कर्मचाऱ्याचा फोटो लागे. गेले तीन महिने तिथे एकच चेहरा होता, अपघात विभागात रोग्यांची नावं नोंदवणाऱ्या युन-शियाचा.

"काय दात आहेत बाईचे," सासूबाई जेवताना म्हणाल्या. "आणि तू गं? तूही तिथंच कामाला ना?"

"अकरा हजार माणसं आहेत तिथं, आई."

"म्हणून तर विचारते. तीही त्या अकरा हजारांतलीच की."

पाओ-चूने जेवायच्या काड्या भातात उभ्याच रोवल्या असत्या, मेलेल्याच्या नैवेद्यात रोवतात तशा, पण घरात म्हातारं माणूस आहे हे आठवून तिने त्या वाटीवर आडव्या ठेवल्या.

ती आणि युन-शिया चोवीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी कामाला लागल्या होत्या. त्या दिवशी दोघींना एकाच मापाचे गणवेश मिळाले होते. पुढे पाओ-चू पाचव्या मजल्यावर गेली, बेड वाटपाच्या टेबलावर. कुठल्या विभागात कुठला बेड रिकामा आहे, हे साऱ्या इस्पितळात तिलाच ठाऊक. खालून फोन आला की ती म्हणे, "बेड नाही. थांबा." आणि फोन ठेवून देई. एवढ्या चोख कामाबद्दल तिचा फोटो कधी कुणी लावला नव्हता. युन-शिया मात्र नुसतं नाव लिहून घ्यायची, हसायची, आणि रोगी जाताना अभिप्रायाच्या मशीनवरचं हसऱ्या तोंडाचं बटण दाबून जायचे.

"गर्दीच नसते तिच्याकडे," पाओ-चू मनाशी म्हणे. "मलाही सवड असती तर मीही दात दाखवले असते."

एप्रिलात तिच्या भावाने माहेरच्या, पिंगतुंगच्या शेतातून अननसांची पेटी पाठवली. घरभर घमघमाट सुटला, आणि पाओ-चूच्या डोक्यात एक विचार आला. तो आल्या आल्या तिला त्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाज थोडी कमी झाली होती.

इस्पितळात अननस आणायचा नाही, हे तिथल्या झाडूवाल्यापासून परदेशी पदवीच्या सर्जनपर्यंत प्रत्येकजण पाळतो. अननसाचं नाव त्यांच्या बोलीत 'भरभराट येवो' असं ऐकू येतं. दुकानदार गिऱ्हाइकं लोटावीत म्हणून गल्ल्याशेजारी मुद्दाम अननस मांडतो. इस्पितळातही त्याने गर्दीच होते, फक्त ती रोग्यांची. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने डब्यात अननसाच्या दोन फोडी आणल्या होत्या. त्या आठवड्यात त्याच्याशी कुणी बोललं नाही.

पाओ-चूने पेटीतला सगळ्यात लहान अननस निवडला आणि निळ्या कापडी पिशवीत घातला. पिशवी इस्पितळाच्या वर्धापनदिनाची होती. अकरा हजार जणांकडे तीच पिशवी होती, म्हणून तिला धीर आला. बुधवारी दुपारी युन-शिया जेवायला गेली तेव्हा कोरे फॉर्म घ्यायच्या निमित्ताने ती खाली उतरली आणि पिशवी तिच्या टेबलाखाली अगदी आत, फॉर्मच्या खोक्यामागे सरकवून आली.

दीड वाजला, काही नाही. दोनला एक आजोबा स्कूटरवरून पडून आले, आणि पाओ-चूला जरा बरं वाटलं. अडीचला मंदिराच्या जेवणावळीतून एक बस थेट इस्पितळाच्या दारात येऊन उभी राहिली. शिंपले बाधले होते. बसमधून बेचाळीस माणसं पोटं धरून उतरली. त्यांच्यामागून आचारीही आला, कारण त्यानेही तेच खाल्लं होतं.

पाओ-चू खिडकीतून खाली बघत होती. ती हळूच हसली. इतक्यात तिचा फोन वाजला.

"ताई, युन-शिया बोलतेय. अकरा बेड लागतील."

पाओ-चूचं हसू तिथेच थांबलं. चोवीस वर्षं त्याच टेबलावर बसूनही एक गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. खाली गर्दी झाली की ती शेवटी वर, तिच्याकडेच येते.

"बेड नाही. थांबा."

"बरं. आता चौदा झाले."

पंधरा मिनिटांत एकवीस झाले. रोग्यांचे नातेवाईक जिन्याने वर आले. देवळाचा पुजारी गळ्यात माळ घालून टेबलासमोर उभा राहिला आणि हलेचना. हाडांच्या विभागातल्या परिचारिकेने फोनवर सांगितलं, "पोटाचे रोगी माझ्याकडे पाठवलेत तर मी माझे रोगी तुमच्या टेबलावर आणून झोपवीन." मग प्रशासक फान साहेबांचा फोन आला.

"बाई, व्हरांड्यात माणसं उलट्या करताहेत. तुम्ही तिथं करताय काय?"

"बेड मोजतेय, साहेब."

"मोजून ते वाढतात का?"

आता नोकरीच जाणार, आणि सासूबाई तर आत्ता खालीच त्या भिंतीसमोर बसलेल्या असणार. पाओ-चू उठली. पुजाऱ्याला म्हणाली, "फॉर्म संपले, आणते." आणि जिना उतरून गर्दीतून वाट काढत अपघात विभागात शिरली. युन-शिया उभी राहून कुणाचं तरी नाव लिहीत होती. पाओ-चू गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली घुसली. पिशवीचा बंद खोक्यात अडकला होता. तिने जोर लावला तशी पिशवी फाटली आणि अननस घरंगळत युन-शियाच्या बुटाला लागला.

ती बाहेर आली तेव्हा केसांत पान अडकलेलं, हातात अननस, आणि समोर चार डॉक्टरांसह फान साहेब. उलट्या करणारेसुद्धा क्षणभर थांबले.

"कुणी आणला हा?" फान साहेबांनी विचारलं.

"मला वास आला, साहेब."

"पाचव्या मजल्यावर?"

"माझं माहेर पिंगतुंगचं आहे."

पाओ-चू अननस छातीशी धरून मोठ्या फाटकाबाहेर गेली आणि रस्त्यापलीकडच्या कचराकुंडीत टाकून आली. ती परत आली तेव्हा आचाऱ्याने पाणी मागितलं होतं. ते पोटात टिकलं. पाचपर्यंत निम्मे लोक सलाईन संपवून चालत घरी गेले. डॉक्टरांच्या मते औषध लागू पडलं होतं, पण तसं मोठ्याने कुणी म्हटलं नाही.

फान साहेबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अहवालात त्यांनी अननस हा शब्दही लिहिला नाही, 'अनधिकृत वस्तू प्रसंगावधान राखून हटवली' एवढंच लिहिलं. महिनाअखेर भिंतीवर पाओ-चूचा फोटो लागला. त्या बुधवारी सासूबाई भिंतीसमोर पाऊण तास बसल्या.

"तोंड का मिटलंय?" त्यांनी विचारलं. पण शेजारच्या बाकावरच्या बाईला त्या आधीच सांगून बसल्या होत्या, "माझी सून."

फोटोच्या दुसऱ्या दिवशी पत्र आलं. इतक्या जागरूक कर्मचाऱ्याची खरी गरज अपघात विभागात आहे, सबब श्रीमती पाओ-चू यांनी सोमवारपासून तिथे रुजू व्हावं. त्यांच्या जागी श्रीमती युन-शिया.

सोमवारी दहा वाजेपर्यंत पाओ-चूने साठ नावं लिहिली. दोघे तिच्यावर ओरडले, एकाने नाराज तोंडाचं बटण चार वेळा दाबलं. अकराला तिने पाचव्या मजल्यावर फोन लावला.

"तीन बेड हवेत गं."

"बेड नाही. थांबा," युन-शिया म्हणाली. पलीकडे चहाचा पेला ठेवल्याचा आवाज आला. "काय सुरेख बंदर दिसतं इथून. नऊ वर्षं अर्ज करत होते मी या खिडकीसाठी. तुझ्या नावाने जीव जळायचा माझा."

पाओ-चूने पुढचं नाव लिहायला घेतलं.

"पिशवी मी जेवून आले तेव्हाच पाहिली होती," युन-शिया पुढे म्हणाली. "वास काय लपतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, होऊ दे गर्दी. शेवटी बेड मागायला फोन तुलाच करायचा होता." तिने चहाचा घोट घेतला. "फोटो छान आलाय हं तुझा."

तिने फोन ठेवला. टेबलासमोर रांग दारापर्यंत गेली होती. पाओ-चूने पेन उचललं आणि दात दाखवून पाहिले.