अकरा नंबरच्या टाकीचं वाक्य

सहा नंबरच्या टाकीतल्या माशांनी अकरा नंबरच्या टाकीविरुद्ध लेखी तक्रार केली. अर्ज रीतसर होता. अकरा नंबरला चांगलंचुंगलं मिळतं आणि आमच्या तोंडाला पानं पुसली जातात, असं त्यात म्हटलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत हृदयाच्या औषधांची चाचणी माशांवर होते. सगळ्या टाक्यांचा आहार तंतोतंत सारखा नसेल तर चाचणी फुकट जाते, म्हणून चौकशी माझ्याकडे आली. आठवडाभर मी दाणे तोलले. वजन सारखं, वेळ सारखी, गोणीही एकच. तरी अकराचे मासे गुटगुटीत आणि सहाचे खंगलेले.

मग खायला घालताना बघत उभा राहिलो. ते काम हेमलताकडे आहे. ती माझी बायको. इतर टाक्यांत ती डबी उपडी करून पुढे जायची. अकरा नंबरपाशी मात्र वाकून म्हणायची, "सावकाश खा रे राजांनो, कुणी पळवून नेत नाही."

माझा नुसता जळफळाट झाला. लग्नाला बावीस वर्षं झाली, मला ती "वाढलंय" एवढंच म्हणते.

अकरा नंबरला एक वाक्य जादा मिळतं, असा अहवाल मी दिला. संचालक वाघमोडे मॅडमनी बैठक बोलावली. सहा नंबरतर्फे एक वयस्कर मासोळी काचेच्या भांड्यातून आली.

"वाक्य सगळ्यांनाच सुरू करू या," मॅडम म्हणाल्या.

"आम्हाला नको," मासोळी म्हणाली. "त्यांचं बंद करा."

"अहो, पण तुम्हालाही मिळेल की!"

"त्यांनाही मिळणार असेल, तर आम्हाला त्याची काय चव?"

मला ते अगदी पटलं. मी अनुमोदन दिलं आणि मसुदाही मीच केला. पळवाट ठेवली नाही. हेमलताने कुठेही, कुणालाही खायला देताना लाडाने बोलू नये. जे द्यायचं ते तोलून द्यावं. खाली सही केली.

चार दिवसांत अकराचे मासे सहाच्या मापाला आले. चाचणी सुरू झाली. मला फार बरं वाटलं.

रविवारी घरी जेवायला बसलो. "हेमा, ते वाक्य आता मोकळंच आहे," मी म्हणालो. "मला म्हण की."

"नियम आहे," ती म्हणाली. "सही तुमचीच आहे."

तिने पोळी वजनकाट्यावर ठेवली, कडेचा एक तुकडा मोडून काढला आणि उरलेली माझ्या ताटात वाढली.