ओतांनी चष्मा लावल्याशिवाय काही वितळत नाही

साहेब, तुम्ही चोर आहात. नाव घेत नाही. घेतलं तर तुमच्या खात्यातले बाकीचे रुसतील.

शुद्ध पदार्थ आपल्या ठरलेल्या अंशाला झटकन वितळतो आणि भेसळीचा त्याच्या कितीतरी आधीच ढेपाळतो, असं जगभर मानतात. आमच्या कोकंद शहरातल्या औषध-तपासणी प्रयोगशाळेत मात्र पदार्थांना शिस्त आहे. गेल्या वर्षी आलेले शंभर टक्के नमुने पुस्तकात छापलेल्या अंशालाच वितळले. (उरलेल्यांची चौकशी चालू आहे.) खूश होऊन साहेबांनी प्रयोगशाळेला एक गालिचा दिला.

पद्धत सोपी आहे. केसाएवढ्या काचनळीत चिमूटभर पावडर ठासायची, नळी थर्मामीटरला बांधून तेलात बुडवायची आणि तेल मिनिटाला एक अंश या बेतानं तापवायचं. मग चहा करायचा. पेल्यात ओतून किटलीत परत, असं तीनदा. मग पहिला पेला थोरांना, अर्धाच. (काठोकाठ भरला तर ‘आता निघा’ असा अर्थ होतो.) थोरांच्या आधी कुणी तोंड उघडत नाही, मग ते नान खायला असो की निकाल सांगायला. इथले थोर म्हणजे प्रमुख तुरगुन, ज्यांना सगळे ओता, म्हणजे बाबा म्हणतात. पुस्तकातला अंश आला की ओता चष्मा लावतात, भिंगातून बघतात आणि म्हणतात, “वितळलंय.” आणि ते वितळलेलंच असतं. कधीपासून, हे विचारणं उद्धटपणाचं. यात कुणीही खोटं बोलत नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

तेल तापवायचं काम मुकद्दसचं. (धाकटे तिला ओपा, म्हणजे ताई म्हणतात.) तिलाही गालिचा आवडायचा. हिवाळ्यात पाय गार पडत नाहीत. पण त्या दिवशी तापाच्या औषधाची पावडर आली. पास झाली की माल थेट मुलांच्या दवाखान्यात, आणि तिथं तिचा नातू फणफणत पडलेला.

पुस्तकातला अंश एकशे एकोणसत्तर. एकशे चाळीसलाच पावडरीला घाम फुटला. एकशे अठ्ठेचाळीसला नळीत नुसतं पाणी. ओता चहावर फुंकर घालत होते.

“वितळलं,” मुकद्दस म्हणाली.

सगळ्यांचे पेले हवेतच थांबले.

“काय वितळलं?” शेजारच्या टेबलावरचा इल्होम कुजबुजला. “ओतांनी चष्मासुद्धा लावला नाही अजून!”

“चष्म्यानं वितळतं होय रे? डोळे फुटले का तुझे? ये, बघ की!”

“मी नाही बघत, ओपा. मला दोन पोरी उजवायच्यात.”

“ओता, यात भेसळ आहे. माझा नातू आहे त्या दवाखान्यात.”

ओता रागावले नाहीत. मायेनं म्हणाले, “पोरी, नातवंडं मलाही आहेत. म्हणून मी कधी वडलांच्या आधी बोललो? घाई कसली? पावडर काय पळून चाललीय?”

“पावडर नाही, पोर चाललंय हातचं!”

ओता पुन्हा चहाकडे वळले. एकशे एकोणसत्तर आला. ओतांनी चष्मा पुसला, लावला, वाकून बघितलं.

“वितळलंय.”

मग त्यांनी स्वतः किटली उचलली आणि मुकद्दसचा पेला भरला. काठोकाठ.

साहेबांनी चौकशी नेमली. निष्कर्ष: पावडर निर्दोष, संस्कार सदोष. एकशे अठ्ठेचाळीस अंशाला बाईचा आवाज आला, पण तो निरीक्षणात धरता येत नाही. यापुढे देशभर ज्येष्ठ माणसानं म्हटल्यावरच पदार्थ वितळल्याचं मानावं. ज्येष्ठ रजेवर असतील तर तो घनच समजावा. (बर्फालाही हाच नियम.) प्रयोगशाळेला दुसरा गालिचा मिळाला.

मुकद्दसनं नातवाला पाठीला बांधून घरी आणलं. ओल्या फडक्यांवर ताप उतरला. बाकीची पोरं तिथंच आहेत. औषध त्यांना अगदी वेळेवर मिळतं.

साहेब, तुम्ही बसा. तुमच्याही वर कुणीतरी चष्मा पुसत असेल. मी विचारतोय वाचणाऱ्याला. पाणी झालेलं तुम्हीही बघितलंत. तुम्हाला तर पहिल्या गालिच्यालाच कळलं होतं, आणि तुम्ही हसलात. आता सांगा, तुम्ही कुणाच्या चष्म्यासाठी थांबलाय?