न नांगरण्याचं अनुदान

सिंगापुरात टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकखाली गवत कापायचं मशीन सुरू झालं, की जगदाळे लिफ्टचीही वाट न बघता जिन्यानं खाली पळतात. जहाजावर चीफ इंजिनिअर राहिलेला माणूस, अर्ध्या चड्डीत, मशीनवाल्यापुढे हात जोडून उभा! "अंकल, तुरे येऊ देत. टू वीक्स ओन्ली!" तो बिचारा म्हणतो, "कॅनॉट, लाह." मग जगदाळे कापलेलं गवत मूठभर उचलून हुंगतात आणि तिथंच डोळे मिटून बसतात. लोकांना वाटतं, ध्यानधारणा चाललीय.

शेजारी म्हणून हे ध्यान माझ्या वाट्याला आलं. चहाला यायचे आणि गवतावर घसरायचे. "वहिनी, काही न करणं हेसुद्धा काम असतं!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. युरोपातल्या कुठल्याशा बंदरात त्यांना कळलं, की तिथलं सरकार शेतकऱ्याला कुरण न नांगरण्याचे पैसे देतं. झालं! तेव्हापासून दुसरा विषय नाही. "आणि आपल्याकडे? गवत दिसलं की म्हणे पडीक! अहो, चंडोलानं घरटं करायचं कुठं?"

माण तालुक्यात त्यांचा आणि थोरल्या भावाचा, आबांचा, सामाईक माळ होता. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. दिवाळीत पवन्या गवत तांबूस होतं, वारा सुटला की अख्खा माळ झोपेतल्यासारखा कूस बदलतो, आत शिरून आडवं पडलं की फक्त आभाळ उरतं. ऐकता ऐकता माझा चहा गार व्हायचा आणि समोरचे ब्लॉक दिसेनासे व्हायचे. पण आई गेल्यापासून ते गावी फिरकले नव्हते. एकटा जीव, बोलावल्याशिवाय जायचं नाही, हा वर ताठा.

मध्येच आबांनी माळावर जेसीबी फिरवून डाळिंब लावायचं ठरवलं. जगदाळ्यांनी काय करावं? चक्क थाप मारली. म्हणे, सिंगापूर सरकारची योजना आहे, माळ राखला तर दरवर्षी अनुदान! आणि स्वतःच्या खिशातून पैसे धाडू लागले.

मी कपाळावर हात मारला. "भाऊजी, 'मी देतो' म्हणायचं की सरळ!"

"धाकट्याचे घेईल होय तो? सरकारचे मात्र हक्कानं घेतो."

काही वर्षं बिनबोभाट गेली. मग एके दिवशी आबाच पेढे घेऊन सिंगापुरात हजर. योजनेच्या साहेबांना भेटायचंय म्हणाले.

जगदाळे माझ्या दारात आले ते पांढरेफटक होऊन. "वहिनी, तासभर साहेब व्हा. थाप उघडी पडली तर माळ गेला!"

बँकेत कॉम्प्युटरपुढे बसणारी मी बाई. ऑफिसचा कोट चढवला आणि खालच्या हॉकर सेंटरात, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, सरकार थाटलं. आबांनी टोपी सारखी करून नमस्कार केला. सिंगापूरच्या सरकारात मराठी बाई कशी, हे त्यांनी विचारलंच नाही.

"माळ कसा आहे?" मी घसा खाकरला.

"झ्याक हाय, मॅडम. औंदा गवात कमरंला लागलंय. पर तुमची योजना अर्धवट हाय."

आबा बोलत होते माझ्याशी, बघत होते भावाकडे.

"नुसता पैका देताय, तपासणी न्हाय. एक अट घाला. दर दिवाळीला दुसऱ्या मालकानं सोता यिऊन माळ बघायचा. न्हाय आला, तर मी नांगर घालणार."

जगदाळ्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "आबा... तुला कधी कळलं?"

"पयल्याच खेपंला. सरकारचा पैका कधी येळंवर येतो व्हय?"

"मग घेतलास कशाला?"

आबा पेढ्यांच्या खोक्याची दोरी उगाच सोडत बसले. "पैका पोचला का, हे इचारायला तुझा फोन यायचा," ते म्हणाले. "एरवी कुठं करतोस?"

मला रडूच फुटलं. अट मंजूर, एवढं म्हणायचंही राहून गेलं.