दहावी ‘ब’चा आरोपी

उत्तरेश्वरला वकील पाहिजे होता, आणि तो मंगलला काही कळायच्या आत पाहिजे होता.

घडलं ते असं. वडवणीच्या शाळेची एकोणनव्वद सालची दहावी ‘ब’ इतक्या वर्षांनी एकत्र आली. कुणी बीडला, कुणी अंबाजोगाईला, म्हणून सगळ्यांना मध्ये पडेल असा मांजरसुंब्याचा एक धाबा ठरला. गुरुजींना शाली झाल्या, जेवण झालं, मुली म्हणजे आता आज्या झालेल्या बाया घरी गेल्या. मग उरलेल्या मुलांनी शाळेची प्रार्थना म्हटली. प्रार्थनेनंतर कुणीतरी ग्लास भरले. उत्तरेश्वर एरवी लग्नातसुद्धा सरबतावर भागवणारा माणूस. पण इंग्रजीच्या सरांची नक्कल आसारामनं केली, आणि हसता हसता उत्तरेश्वरच्या हातातला पहिला ग्लास कधी रिकामा झाला आणि पुन्हा कधी भरला, हे त्याला समजलंच नाही.

दिवेलागणीला तो मोटरसायकलवर निघाला आणि चौकातच पोलिसांनी शिट्टी मारली.

“फुंका.”

“साहेब, आमची बॅच हाय. एकोणनव्वदची.”

“आधी फुंका.”

त्यानं छातीभर श्वास घेऊन फुंकलं. हवालदारानं यंत्राकडं बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, “बॅच लई जुनी दिसती.”

गाडी जप्त झाली. कोर्टात हजर राहायची तारीख मिळाली. घरी त्यानं मोटरसायकल मिस्त्रीकडं टाकलीय असं सांगितलं. मंगलनं फक्त “बरं” म्हटलं, आणि त्या “बरं”नं त्याची झोप उडाली. कारण उत्तरेश्वर शाळेची पिवळी गाडी चालवत होता. वाड्यावस्त्यांवरची लेकरं सकाळी गोळा करायची आणि दुपारी घरोघर सोडायची, हाच त्याचा धंदा. लायसनवर काही आलं तर चूल कशावर पेटवायची, आणि दारूचं कानावर गेलं तर लेकरं कोण पाठवणार?

सुदैवानं, निदान त्याला तसं वाटलं, दहावी ‘ब’मध्ये वकिलांना तोटा नव्हता. पहिला फोन अभिमन्यूला केला. अभिमन्यू बांधाच्या भांडणात एक नंबर.

“वकीलसाहेब, केस हाय.”

“बांध कुणी कोरला?”

“बांध न्हाई बे, दारू हाय.”

“बांधावर बसून पेलास का?”

“रस्त्यावर धरलंय मला.”

“मग रस्ता कुणाच्या गटातून जातो ते बघावं लागंल,” अभिमन्यू म्हणाला आणि सातबारा मागू लागला.

दुसरा शिवशंकर. याच्या पांढऱ्या गाडीच्या काचेवर ‘ॲड.’ ही अक्षरं नावापेक्षा मोठी होती. तो म्हणाला, “काळजीच करू नको. मी साहेबांला फोन लावतो.”

“कोणत्या साहेबांला?”

“ते मंग ठरवू.”

“तू कोर्टात उभा ऱ्हाशील ना?”

“उभा ऱ्हाईन की. मागं. सनद प्रोसेसमधी हाय ना माझी. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिलेत.”

“किती वर्षं झाली?”

“आता तू मैतर हायस का सरकारी वकील?”

तिसरा आसाराम. हा मात्र खरा फौजदारी वकील होता, आणि तेच अवघड होतं. त्याचे डोळे चमकल्याचं फोनवरसुद्धा कळलं. “पार औरंगाबाद खंडपीठापस्तोर जाऊ! तू खोकल्याचं औषध घेतलं व्हतं.”

“मला खोकला न्हाई.”

“होईल. यंत्र बिघडलेलं व्हतं. धाब्यावरची समदी बॅच साक्षीला उभी करू, की उत्तरेश्वरनं पाण्याबिगर कशाला हात लावला न्हाई. वहिनींची बी साक्ष घेऊ.”

वहिनींचं नाव निघताच उत्तरेश्वरनं फोन ठेवला.

तिघांपैकी कुणाला धरावं हे त्याला सुचेना, तेव्हा शिवशंकरला त्याची दया आली. त्यानं बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान टाकलं: ‘आपल्या उत्तऱ्याचा वकील कोण?’ आणि लोकांना प्रसंग नीट कळावा म्हणून खाली त्या दिवसाचा व्हिडिओ जोडला. व्हिडिओत उत्तरेश्वर डोक्यावर भरलेला ग्लास ठेवून नाचत होता. आसारामचे साक्षीदार त्याच्याभोवती टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी मंगल भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “कोण पुढं हाय?”

“कशात?”

“तुमच्या वकिलाचं मतदान चालू हाय म्हणं. तुमच्या वर्गातल्या केशरबाईचा फोन आलता. आसारामभावजी पुढं हायेत म्हणाली ती.”

तिनं आरडाओरडा केला असता तर उत्तरेश्वरला बरं वाटलं असतं. ती मेथीची काडी मोडत हळूच म्हणाली, “त्या लेकरांच्या आया माझ्याकडं बघून लेकरं धाडतात हो तुमच्या गाडीत. मी त्यांला सांगत असते, आमचे हे सुपारी बी खात न्हाईत.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ग्रुपवर न येता वेगळा आलेला मेसेज होता, वनमालाचा. ‘उद्या बीडला ये. मंगलला घेऊन ये. त्या तिघांना आणू नको.’

वनमाला शेजारच्या गावाहून पायी शाळेत यायची. पाचवीपासून दहावीपर्यंत दोघं एका वर्गात होती, पण त्या काळी मुलं आणि मुली एकमेकांशी बोलत नसत. एकदाच, गणिताच्या पेपराला, तिनं मागं वळून त्याला पेन्सिल दिली होती आणि त्यानं घाबरून ‘थँक्यू बाई’ म्हटलं होतं. त्यानंतर वर्षभर पोरांनी त्याला जगू दिलं नव्हतं. आता बीडला वकिली करणाऱ्या वनमालाच्या ऑफिसच्या पायऱ्या मंगलबरोबर चढताना तो तसाच घाबरला होता.

“ये उत्तऱ्या,” ती म्हणाली. डोक्यावरचे केस पांढरे, पण आवाज तोच. “मंगल, तू इकडं पंख्याखाली बस.”

मंगलनं पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, तुमची सनद हाय ना? विचारलेलं बरं.”

वनमालानं हसून भिंतीकडं बोट दाखवलं. मंगलनं उठून चौकटीतला कागद जवळून बघितला, तारीख वाचली आणि समाधानानं परत बसली.

“आता सांग. पेला व्हतास का?”

“आसाराम म्हणतो, खोकल्याचं...”

“आसारामनं आठवीत सुट्टीसाठी एकच आजी तीन येळा मारली. मी त्याला न्हाई विचारत, तुला विचारते.”

“पेलो व्हतो.”

“गाडी तूच चालवत व्हतास?”

“व्हय.”

“हे बघ,” वनमालानं चष्मा काढला. “लढायचं म्हणलं तर लढता येतं. तारखा पडत ऱ्हातील, यंत्राची तपासणी मागू, कदाचित सुटशील बी. कबूल केलंस तर दंड होईल, लायसन काही महिने जाईल. लई झालं तर थोडी शिक्षा. वकील म्हणून मी दोन्ही सांगायचं. ठरवायचं तू.”

उत्तरेश्वरनं मंगलकडं बघितलं. ती पंख्याकडं बघत होती. त्याला सकाळी गाडीत चढणारी लेकरं दिसली, त्यांची दप्तरं, पायरी उंच पडते म्हणून त्यानं हात धरून वर घेतलेली पहिलीतली चिमणी. “मी कबूल करतो,” तो म्हणाला. “शाळेत बी मीच सांगतो. लायसन परत मिळंपस्तोर भाचा चालवील गाडी.”

मंगलनं पंख्याकडची नजर काढली. “माझ्या सांगण्यावरून न्हाई ना?”

“तू कुठं काय बोललीस?”

“तेच म्हणते मी,” मंगल म्हणाली.

तारखेला पुकारा झाला. न्यायाधीशबाई तरुण होत्या. उत्तरेश्वरनं हात जोडून गुन्हा कबूल केला. वनमालानं थोडक्यात सांगितलं की पहिलाच गुन्हा आहे, आरोपीनं शाळेला स्वतःहून कळवलं आहे. बाईंनी दंड केला, लायसन तीन महिने निलंबित केलं आणि म्हणाल्या, “शिवाय कोर्ट उठेपर्यंत कैद. मागच्या बाकावर बसून राहा. दालन सोडायचं नाही.”

एवढंच? उत्तरेश्वर मागच्या बाकावर जाऊन टेकला. मंगल त्याच्यापुढच्या बाकावर बसली, पाठ करून. थोड्या वेळानं दार ढकलून तिघं आत आले. अभिमन्यू आणि आसाराम काळ्या कोटात. सनद नसलेला शिवशंकर पांढऱ्या शर्टात, पण चेहरा सर्वांत गंभीर. मैतराला एकटं सोडायचं नाही म्हणून तिघं त्याच्या दोन्ही बाजूंनी बाकावर सरकले.

“कसंकाय कैदी?” आसाराम कुजबुजला.

“गप बस.”

“आरं, असं चौघं एका बाकावर कवा बसलो व्हतो?”

झालं, तिथून सुरू झालं. भूगोलाच्या सरांची फाटकी छत्री, चिंचा पाडताना कौलावर बसलेला दगड, भाकरीच्या डब्यातून ठेचा चोरणारा शिवशंकर. समोर चोरीच्या केसची उलटतपासणी चालली होती आणि मागचा बाक हादरत होता. मंगलचेही खांदे हलताना दिसले.

“आन् तो हापसा!” अभिमन्यूला आवाज आवरेना. “तपासणीचे साहेब आलते. पाणी प्यायला ओंजळ धरून वाकले, आन् हा उत्तऱ्या हापसा मारायला...”

“मागच्या बाकावर कोण बोलतंय?”

न्यायाधीशबाईंनी काळ्या कोटांकडं बघितलं.

“वकील आहात ना? उठा. बाहेर जा.”

तिघं पन्नाशीतले गृहस्थ माना खाली घालून उठले आणि एकामागं एक दाराकडं निघाले. त्यांच्यामागं उत्तरेश्वरही उठून चालू लागला.

“तुम्ही कुठं निघालात?”

“बाहेर, बाईसाहेब.”

“तुम्हाला शिक्षा झालेली आहे. बसा खाली.”

कठड्यातला चोरीचा आरोपीसुद्धा हसला. उत्तरेश्वर परत बसला. खिडकीतून लिंबाखाली चहा पिणारे तिघं दिसत होते. आसाराम कुणाची तरी नक्कल करत होता आणि अभिमन्यू पोट धरून वाकला होता. शिक्षा कशाला म्हणतात, ते उत्तरेश्वरला तेव्हा पुरतं कळलं.

पुढच्या बाकावरून मंगल उठली. पदर सावरत मागं आली आणि त्याच्या शेजारी बसली. कितीतरी दिवसांनी ती स्वतःहून एवढ्या जवळ बसली होती. समोर बघत, ओठ न हलवता ती म्हणाली,

“मंग? साहेब वाकले, आन् पुढं काय झालं?”