बैलउतार

“झालं, उतरले बैल पाण्यात!”

अंबूमावशी विहिरीवरून हे म्हणाल्या आणि कळशा भरणाऱ्या बायका खुदकन हसल्या. फणसवाडीत नवीन आलेल्या माणसाने घाबरून आधी विहिरीत डोकावून पाहिलं असतं. पण बैल होते वर, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, आमच्या गोपूकाकांच्या गोष्टीत. पंचांग सांगायला आलेल्या जोशीबुवांना काकांनी खांबाशी गाठलं होतं.

“ऑक्स म्हणजे बैल, बरं का जोशीबुवा. आणि फर्ड म्हणजे नदीचा उतार. ऑक्सफर्ड म्हणजे बैलउतार! जिथं बैल पाण्यात उतरून पलीकडे जात, तिथं पुढे विद्येचं पीठ झालं. आपल्याकडे सगळं उलट. आपण आधी विद्यापीठ बांधलं, मग त्यात बैल सोडले.”

जोशीबुवांचा मुलगा त्याच वर्षी मॅट्रिकला बसला होता. ते पंचांग बगलेत मारून निघून गेले.

गोपूकाका माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची मुलगी येसू राहत. काकू येसू रांगत होती तेव्हाच गेल्या. काका कापसाच्या एका भाटिया व्यापाऱ्याकडे कारकून होते, आणि या शेटजींचा कसला तरी दावा विलायतेला गेला तेव्हा शेटजींबरोबर काकाही गेले. मुंबईत इंग्रजी येणारे पुष्कळ होते, खिचडी येणारेही पुष्कळ होते. दोन्ही येणारे ब्राह्मण शेटजींना हे एकच सापडले.

लंडनात दावा पुढे पुढे ढकलला जाऊ लागला तेव्हा शेटजींना देश बघायची लहर आली. आगगाडीत शिवाशीव होते, म्हणून त्यांनी घोडागाडी ठरवली. गाडीत तांदूळ, डाळ, तुपाचा डबा, तांब्याचं पातेलं, आणि मुंबईहून नेलेल्या पाण्याचं पिंप. वाटेत झाड दिसलं की गाडी थांबायची आणि काका तीन दगड मांडायचे. इंग्रजांची पोरं कुंपणावर चढून बघत बसायची. असं करत करत स्वारी ऑक्सफर्डास पोहोचली. तिथे त्यांचा मुक्काम एक दुपारभर होता.

त्या एका दुपारीवर काका पुढे वर्षानुवर्षं जगले.

संध्याकाळी ते काळा कोट बाह्या न घालता नुसता खांद्यांवर टाकून गॅलरीत फेऱ्या मारत. “तिथं सगळे विद्वान असेच झगे घालून हिंडतात.” कुठल्या देवळाची घंटा वाजली तरी डोळे मिटून मान हलवत आणि म्हणत, “गोड आहे, पण ऑक्सफर्डास असं नसतं हो!” आमटी खारट झाली तरी हेच, ट्रामचा घोडा अडला तरी हेच. नव्या माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी ते विचारत, “आपण कोणत्या कॉलेजचे?” एकदा हा प्रश्न त्यांनी गवळ्याला विचारला.

“मी? मी गोठ्याचा, काका.”

“कुठला का असेना. निष्ठा पाहिजे.”

पण गोष्टीचा कळस म्हणजे जेवण. खिचडी खाऊन शेटजी गाडीत झोपले आणि काका एकटेच पूल ओलांडून गावात शिरले. एका कॉलेजाच्या दारात एका वृद्ध प्रोफेसरांनी त्यांना पाहिलं, हाताला धरून आत नेलं आणि थेट पंक्तीला बसवलं. उंच दालन, भिंतींवर पूर्वजांच्या तसबिरी, जेवणाआधी लॅटिन भाषेत श्लोक. ही गोष्ट येसूला पाठ होती. काका एखादा शब्द विसरले तर ती आतून ओरडून सांगे, “बाबा, मेणबत्त्या राहिल्या!”

मी मिशनच्या शाळेत शिकत होते. शाळेत इंग्रजीतच बोलावं लागे आणि घरी मुलीने फार बोलू नये अशी अपेक्षा असे, त्यामुळे दोन्हीकडे मी गप्प बसत असे. गप्प बसणाऱ्याला ऐकायला भरपूर सवड मिळते. काकांच्या त्या मेजवानीत मीठ नेहमी पानाच्या डाव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला वाढलेलं असे, आणि प्रोफेसर मंडळी आग्रह करकरून वाढत. हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी कुणाला बोलले नाही.

शाळेतल्या आमच्या मिसचा भाऊ ऑक्सफर्डला शिकलेला. त्यांच्याजवळ त्या गावाच्या चित्रांचं एक पुस्तक होतं. काकांना आनंद होईल म्हणून मी ते मागून घरी आणलं. येसू खाली खेळत होती. दालनाचं चित्र मी काकांपुढे धरलं. लांबच लांब मेजं, तसबिरी, मेणबत्त्या.

“काका, तुम्ही कुठे बसला होता?”

काकांनी चित्र पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे... हे दुसरं असेल. तिथं कॉलेजं पुष्कळ आहेत.” आणि त्यांनी भराभर पानं उलटली. एका पानावर ते थांबले. त्या चित्रात दालन नव्हतं, कळस दूर दिसत होते. पुढे नदी, आणि काठावर पाण्यावर ओणवलेलं एक झाड.

“हे बघ, हे!” काकांचा आवाजच बदलला. “हेच झाड. याच्या बुंध्याशी मी चूल मांडली होती. लाकडं ओली, धूर असा डोळ्यांत. आणि एक तपकिरी कुत्रा सारखा पातेल्याकडे येत होता, त्याला हाकलता हाकलता माझा जीव...”

ते एकदम थांबले.

मी पुस्तकाकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघणं बरं दिसलं नसतं.

“शेटजी गेले होते गावात,” काका हळूच म्हणाले. “पातेल्याजवळ कुणीतरी पाहिजे ना? कुणी शिवलं तर सगळंच टाकावं लागलं असतं. मी म्हटलं, ते आले की मी जाईन. ते आले. मी विचारलं, कसं आहे हो आत? म्हणाले, ‘कांई नथी, जूनां मकान छे.’ नुसती जुनी घरं! आणि जेवायला बसले. जेवून लगेच गाडी जोडायला सांगितली.”

खालून पोरींचा गलका ऐकू येत होता. काकांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

“परत आलो तेव्हा येसू माझ्याजवळ यायलाच तयार नव्हती. ओळखतच नव्हती गं. तुझ्या आईच्या पदरामागून विचारलं, ‘तिथे काय होतं?’ आई नसलेल्या पोरीला टाकून इतके महिने गेलो, आणि काय सांगू तिला? कुत्रा हाकलत बसलो होतो? सांगायला लागलो, तशी एकेक पाऊल पुढे आली. प्रोफेसरांनी हात धरला तेव्हा येऊन मांडीवर बसली.”

पुढे येसूचं लग्न ठरलं. परळच्या भोईवाड्यातलं स्थळ, माणसं चांगली, फक्त कर्मठ.

समुद्र ओलांडून आलेल्या काकांना आमच्या वाडीने कधी पंक्तीबाहेर बसवलं नव्हतं. शेटजींच्या सोवळ्याची सर्वांना खात्री होती, आणि मेजवानीवर कुणाचा विश्वास नव्हता. भोईवाड्याच्या मंडळींचा बसला. आयुष्यात काकांना खरं मानणारी हीच पहिली माणसं भेटली, आणि त्यांनी प्रायश्चित्त मागितलं.

नवऱ्यामुलाचे काका नाना आमच्याकडे येऊन बसले. “साहेबांच्या पंक्तीला जेवलात असं ऐकतो. खोटं असेल तर तसं सांगा, आम्ही उठतो. खरं असेल तर क्षौर करून पंचगव्य घ्यावं लागेल. नाहीतर तुमच्या हातून कन्यादान आम्हाला चालणार नाही.”

“अहो, कसला जेवतोय तो!” माझे वडील हसून म्हणाले. “गोपू, सांगून टाक बाबा.”

काकांना ‘नाही’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो खराही होता. पण येसू पानाचं तबक घेऊन दारात उभी होती, आणि ऐटीत नानांकडे बघत होती, आता ऐका म्हणून.

“जेवलो,” काका म्हणाले. “उत्तम होतं. भात तेवढा जरा फडफडीत.”

वाडीत हसून हसून पुरेवाट झाली. “बैलउताराला गेले आणि पाणउतारा करून घेतला,” असं जोशीबुवा खिडकीखिडकीतून सांगत सुटले. त्यांना तेवढा सूड पुरला.

प्रायश्चित्ताच्या दिवशी काकांची मिशी गेली. ती त्यांनी लंडनच्या न्हाव्याच्या पद्धतीने राखली होती. मिशीवाचून त्यांचा चेहरा इतका लहान दिसत होता की मला बघवेना. अंगणात पाटावर ते ओल्या पंचाने बसले होते, समोर वाटी. भटजी संकल्प सांगणार, इतक्यात अंबूमावशींना दया आली.

“कशाला हो त्या गरिबाला शेण पाजता? थाप आहे ती! सगळ्या वाडीला ठाऊक आहे.”

भटजींनी पळी खाली ठेवली. “थाप? न केलेल्या पापाला प्रायश्चित्त नाही. संकल्पच खोटा व्हायचा.”

“म्हणजे मुलीच्या बापाने आम्हाला तोंडावर खोटं सांगितलं?” नाना उठून उभे राहिले. “गोपाळराव, पाप तरी कबूल करा, नाहीतर थाप तरी. आत्ता, चारचौघांसमोर. जेवल्याचं सांगणारं आहे का कुणी?”

काकांनी वर पाहिलं नाही. त्यांचा हात वाटीकडे गेला आणि तिथेच राहिला, जणू कुणी हिसकावून नेईल अशी त्यांना भीती वाटत होती.

बायकांच्या घोळक्यात येसू माझ्याजवळ उभी होती. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. “ताई,” ती कुजबुजली, “बाबा खोटं बोलतात का गं?”

चारचौघांत, पुरुषमंडळींसमोर, मी तोवर एक वाक्य बोलले नव्हते. आईने मागून माझा पदर ओढला तो मला कळला.

“काका ऑक्सफर्डला जेवले,” मी म्हणाले. “मला ठाऊक आहे. चांगले पोटभर जेवले.”